खाणीच्या सीएसआरमधून गावासाठी काय मागावं?

कापूसकोंड्या | ४ जानेवारी, रात्री १०.४०

राम राम मंडळी.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या कोळसापट्ट्यात. मी पुण्यात नोकरीला, आईबाबा गावीच. गावापासून दीड किलोमीटरवर उघडी कोळसा खाण आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, बाबांना तिथेच राहायचंय.

गेल्या आठवड्यात कंपनीचे दोघं पंचायतीत येऊन गेले. यंदाच्या सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने नफ्यातून सामाजिक कामांवर करायच्या खर्चात, तुमचं गाव धरलंय, काय हवं ते ग्रामसभेचा ठराव करून कळवा म्हणाले. सोबत छापील यादी ठेवून गेले: प्रवेशद्वाराची कमान, ओपन जिम, सौर दिवे, शाळेला दप्तरं, महिलांना शिलाई मशीन. सरपंचांचा कल कमानीकडे. बाबांचं म्हणणं, देतात ते घ्यावं, नाहीतर पलीकडच्या गावाला जाईल. आई म्हणते, त्यांना म्हणावं आधी कापसावरची धूळ झटकून द्या.

आईचं खोटं नाही. आमचा कापूस बोंडातून निघतो तोच राखाडी. व्यापारी मूठभर हातात घेतो, दाबतो, मग मूठ उघडून तळहात आम्हाला दाखवतो आणि एक शब्द न बोलता कवडीचा भाव लावतो.

पाच वर्षांपूर्वी याच निधीतून आरओचं मशीन आलं होतं. पाचचं नाणं टाकलं की वीस लिटर पाणी. आठ महिने चाललं. आता त्या खोलीत लोक फवारणीचे पंप ठेवतात. पाटी मात्र चकाचक आहे, साहेब यायच्या आदल्या दिवशी कोणीतरी पुसतं.

२६ जानेवारीला ग्रामसभा. काय मागावं? कोणाच्या गावात असं काही नीट झालेलं आहे का?

खारीक | ४ जानेवारी, रात्री १०.५२

कमान घ्या. धुळीत गाव नेमकं कुठून सुरू होतं ते तरी पाहुण्यांना कळेल.

ताळेबंद | ४ जानेवारी, रात्री ११.३०

पेशाने सीए आहे, म्हणून जरा कोरडं लिहितो.

सीएसआर आला कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५मधून, लागू झाला १ एप्रिल २०१४पासून. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी बसलं तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. खर्च कशावर करायचा ते सातव्या परिशिष्टात दिलंय. खाणीभोवतालच्या भागाला 'प्राधान्य द्यावं' असं कायदा सांगतो. दिलंच पाहिजे, अमुक इतकं दिलं पाहिजे, असं नाही. ठरवणार कंपनीचं संचालक मंडळ. तुमची ग्रामसभा फार तर सुचवू शकते.

दुसरं, जे फारसं कोणी वाचत नाही. २०२१च्या सुधारित नियमांनुसार जी जबाबदारी दुसऱ्या एखाद्या कायद्याने कंपनीवर आधीच आहे, तिच्यावरचा खर्च सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. खाणीला पर्यावरण मंजुरी देताना रस्त्यावर पाणी मारणं, गाड्यांवर ताडपत्री, झाडांचा पट्टा, विहिरींची पातळी मोजणं अशा अटी घातलेल्या असतात. म्हणजे धूळ बसवणं हे त्यांचं कामच आहे, गावावरचा उपकार नव्हे. ते सीएसआरच्या यादीत मागूच नका. एकदा मागितलंत की तुम्हीच त्याला दान करून टाकलंत.

न खर्चलेली रक्कम आता ठरावीक मुदतीत सरकारी निधीत भरावी लागते. मार्च जवळ आला की गावोगावी फिती कापायची घाई का उडते, ते यावरून समजा. तुमच्याकडे ते दोघं जानेवारीत आले यात नवल नाही.

बल्लारशा_पॅसेंजर | ५ जानेवारी, सकाळी ७.१५

भाऊ, तुमी सारे खाण खाण म्हणून राह्यले. आमच्याकडं खदान म्हणतेत. 'बाबा खदानीत लागले' असंच म्हणतेत. कापूसकोंड्या भाऊ, पुण्यात जाऊन खाण म्हणाले लागले का?

कापूसकोंड्या | ५ जानेवारी, सकाळी ८.०२

हो नं बाप्पा, चुकलो. घरी खदानच म्हणतो. इथं खदान म्हटलं की लोकांना दगडाची खदान वाटते.

खारीक | ५ जानेवारी, सकाळी ८.१०

खाण हा शब्द 'खाणे' या क्रियापदावरून आला असावा असा माझा दाट संशय आहे.

मिरजमळा | ५ जानेवारी, सकाळी ९.२६

नाही हो, संस्कृत 'खन्' म्हणजे खणणे, त्यावरून खनि, आणि खनिज म्हणजे खाणीत जन्मलेलं. पण तुमची व्युत्पत्तीही व्यवहारात टिकणारी आहे.

निवृत्त_सर्व्हेअर | ५ जानेवारी, दुपारी १२.४५

चौतीस वर्षं कोळसा खाणींत काढली, सगळी वणी आणि घुग्घुसच्या पट्ट्यात. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं थोडं माहीत आहे.

आरओच्या मशीनवर एवढी चर्चा करण्याआधी विहिरीत पाणी का नाही ते बघा. उघडी खाण म्हणजे गावाच्या सगळ्या विहिरींपेक्षा खोल अशी एक अजस्र विहीर. भूजल उताराने तिकडेच जाणार. खाणीच्या तळाला पाणी साचतं, त्याला आम्ही संप म्हणायचो. तिथे पंप बसवलेले असतात आणि पावसाळ्यात ते रात्रंदिवस चालतात. ते पाणी गाळ बसवून नाल्यात सोडतात. मी स्वतः पाहिलंय: कुंपणाच्या आत आठ इंची पाइपातून पाणी धो धो नाल्यात चाललंय, आणि कुंपणाबाहेर रस्त्यावर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. दोन्हींत पंचवीस पावलांचं अंतर नसेल. वीस वर्षं मी त्याच रस्त्याने जीपमधून गेलो, आणि हे विचित्र आहे असं मला रिटायर झाल्यावर सुचलं.

या पाण्याचं काही करता येत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) नागपूरजवळ पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरून विकलं. बाटलीत जातं ते पाइपातून गावात का जाऊ नये? आधी तपासणी हवी, कोळशाच्या पाण्यात क्षार आणि लोह असतं. शेतीला देताना तर नक्कीच तपासा.

माझं मत: खाणीचं पाणी, उंचावर टाकी, गावापर्यंत पाइप. आणि चालवण्याचा खर्च खाण सुरू असेतोवर कंपनीचा, असं लेखी.

झाडीपट्टी | ५ जानेवारी, रात्री ९.३३

सगळे 'काय मागावं' यावरच बोलताय. मागायचंच कशाला?

आमच्या वाड्यात घुसून कोणी विहीर खणली, आमचंच पाणी उपसलं, वर आमच्याच पोराच्या मुंजीत पाकीट घेऊन आला, तर त्याला आहेर म्हणायचं का? सीएसआर असला आहेर आहे. पाकिटावर नाव मोठ्या अक्षरात, आत एकशे एक रुपये.

मी गडचिरोलीचा. आमच्याकडे मेंढा-लेखा नावाचं गाव आहे, ज्याला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा वाहतूक परवाना. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' त्या गावाने कोणाकडे कमान मागितली नाही. त्याच जिल्ह्यात सुरजागडच्या लोहखनिजाचं उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायचं ठरलं, तर ऑक्टोबर २०२२ची जनसुनावणी खाणीजवळ न होता जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. ज्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, त्या डोंगराबद्दल बोलायला डोंगराखालच्या माणसाने जिल्ह्याला यायचं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, वनहक्क कायदा २००६चा. कागद आपल्याकडे कमी नाहीत.

ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचं काय झालं आठवा. सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये ग्रामसभांना विचारायला सांगितलं. बारा गावांना विचारलं, बाराही 'नाही' म्हणाली. तिथे कंपनीच्या शाळा-दवाखान्यांच्या जाहिराती कमी नव्हत्या.

एटापल्ली_रोड | ५ जानेवारी, रात्री १०.२०

झाडीपट्टीदादा, तुमचा राग समजतो, पण मीही त्याच जिल्ह्याचा. माझा मावसभाऊ बारावी झाल्यावर चार वर्षं तेंदूपत्त्याच्या हंगामाची वाट बघत घरी बसायचा. आता डंपर चालवतो, महिन्याच्या महिन्याला पगार. त्याच्यापुढे मेंढा-लेखाचं नाव घेतलं तर तो म्हणतो, छान गाव आहे, पण माझ्या गावात तसा बांबू नाही.

आणि २०१६च्या डिसेंबरात सुरजागडला नक्षलवाद्यांनी पाऊणशेच्या वर ट्रक जाळले. त्या काळात 'नाही' म्हणणं काय आणि 'हो' म्हणणं काय, दोन्हींची भीती होती. मला खाणवाल्यांची वकिली करायची नाही. पण 'मागूच नका' हे ज्याच्या घरी पगार येतो त्याने सांगू नये.

झाडीपट्टी | ५ जानेवारी, रात्री १०.४१

माझ्या घरी पगार येतो, मान्य. मास्तर आहे. पण नोकरी हा सीएसआर नव्हे. नोकरी हा जमिनीचा मोबदला झाला. तुम्हीही तेच दोन वेगळे कप्पे एक करताय.

ताळेबंद | ५ जानेवारी, रात्री ११.०५

एवढ्यापुरतं झाडीपट्टींशी सहमत. कोल इंडियाच्या २०१२च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी हा एक पर्याय आहे, तो सीएसआरच्या हिशेबात येत नाही. मोबदला वेगळा, स्वामित्वधन (सरकारला जाणारी रॉयल्टी) वेगळं, पर्यावरणाच्या अटी वेगळ्या, सीएसआर वेगळा. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र चारही एकाच पानावर, हसऱ्या मुलांच्या फोटोखाली.

मांडवीकाठ | ६ जानेवारी, सकाळी ६.५०

गोव्याहून, डिचोली तालुक्यातून लिहितो. आमची गोष्ट ऐका, मग ठरवा.

माझ्या लहानपणी गावात सगळं खाणीचं होतं. शाळेचा बस खाणीचा, जत्रेचा मांडव खाणीचा, फुटबॉलचा कप खाणीचा, आणि पाण्याचा टँकरही खाणीचा. पूर्वी आमच्या बागायतीत झऱ्याचं पाणी पाटाने फिरायचं. आजी सांगायची की मार्चमध्ये सुद्धा पाटात पाय बुडायचे. खाण खाली खाली गेली तसा झरा बंद झाला, मग विहीर गेली, मग टँकर आला. टँकरवर खाणवाल्याचं नाव रंगवलेलं, आणि आम्ही पोरं त्याला टाटा करायचो!

वडलांनी कर्ज काढून दोन ट्रक घेतले. पोटात दोन घास घातले ते त्या ट्रकांनीच, ते नाकारत नाही. मग बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२मध्ये सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या. नंतर सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८च्या निकालात ८८ लिजेस रद्द, १६ मार्चपासून पुन्हा बंद. ट्रक अंगणात उभे. एकाच्या हौद्यात आईने मिरच्या लावल्या.

सांगायचं ते हे. खाण बंद झाली त्याच महिन्यात टँकर बंद झाला. झरा मात्र परत सुरू झाला नाही. खाणीने घेतलं ते कायमचं, दिलं ते लिज असेपर्यंतचं. शेजारच्या शिरगावच्या आटलेल्या विहिरींचं प्रकरण तर हायकोर्टापर्यंत गेलं होतं. लईराईच्या जत्रेचं गाव ते, महाराष्ट्रातूनही लोक येतात.

२१ एप्रिल २०१४च्या निकालात सुप्रीम कोर्टाने विकलेल्या खनिजाच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. खनिज ही पुढच्या पिढ्यांचीही ठेव, असा त्यामागचा विचार. निर्णय मोठा. पण आमच्या पाटात पाणी नाही.

खारीक | ६ जानेवारी, सकाळी ८.१५

मिरच्या कशा आल्या?

मांडवीकाठ | ६ जानेवारी, सकाळी ८.३१

बऱ्या आल्या. लाल मातीच होती हौद्यात, चांगल्या ग्रेडची.

दोन_टक्के | ६ जानेवारी, दुपारी १.३०

आयडी बघून ओळखलं असेलच. मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे. कोळशाच्या नाही, पण खनिजाच्याच. कंपनीचं नाव नाही सांगणार, नोकरी आवडते.

तुम्हाला वाटतं आम्ही मुद्दाम कमान देतो. आतून कसं असतं ते सांगते. माझ्या टेबलावर वर्षाला ढिगाने पत्रं येतात. निम्मी आमदार, जिल्हा परिषद सदस्य नाहीतर कुठल्या तरी मंडळाच्या लेटरहेडवर. मागणी काय? सभामंडप, कमान, क्रिकेटचे किट, भंडाऱ्याला तेलाचे डबे. 'आमच्या विहिरींचं पाणी तपासून द्या' असं पत्र मला सात वर्षांत एकदाच आलं, ते एका अंगणवाडी ताईंचं. बजेट मंजूर होतं मुंबईत. तिथल्या माणसाला फोटोत जे दिसतं ते कळतं. कमान दिसते. जमिनीखालचा पाइप दिसत नाही.

आरओ मशीन का बंद पडतात? विजेचं बिल कोणी भरायचं हे ठरलेलं नसतं. मेम्ब्रेन बदलायला येणारे हजारो रुपये पाच-पाचच्या नाण्यांतून जमत नाहीत, जमले तर नाण्यांचा डबा कोणाकडे यावरून भांडण. मशीन देणं सोपं आहे हो, ते रोज सकाळी उघडणारा माणूस देणं अवघड.

कापूसकोंड्यादादा, तीन गोष्टी. वस्तू न मागता पाच वर्षांचं काम मागा, देखभालीचा खर्च धरून. करार पंचायतीशी करून घ्या, सरपंचांशी नव्हे. आणि कंपनी मोठी असेल, म्हणजे सरासरी सीएसआर १० कोटींच्या वर, तर एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. अहवाल त्यांच्या वेबसाइटवर असतो. वाचून ग्रामसभेत जा. समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसेल.

झाडीपट्टी | ६ जानेवारी, दुपारी २.१०

ताई, प्रामाणिक लिहिलंत म्हणून धन्यवाद. पण 'लोकच कमान मागतात' हे अर्धंच आहे. यादी तुम्ही छापून आणता. त्या यादीत 'विहिरीच्या पाण्याची तपासणी' छापलेली असते का?

दोन_टक्के | ६ जानेवारी, दुपारी २.२५

नसते. :(

पर्थकर | ६ जानेवारी, दुपारी ४.००

ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये खाण उद्योगात आहे, दोन आठवडे पिलबराच्या खाणपट्ट्यात, एक आठवडा घरी. इथे मूळनिवासींचा जमिनीवरचा हक्क १९९३च्या नेटिव्ह टायटल कायद्याने मानलाय. त्यामुळे कंपनीला त्यांच्याशी बसून करार करावा लागतो, पैसे, नोकऱ्या, पवित्र जागा, सगळं त्यात येतं.

पण लगेच हुरळून जाऊ नका. मे २०२०मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने जूकन गॉर्जमधल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. माणसाच्या वस्तीच्या ४६ हजार वर्षांपर्यंतच्या खुणा तिथे होत्या. त्यांच्याकडे सरकारी परवानगी होती! खूप बोंब झाली, संसदेची चौकशी बसली, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जावं लागलं. आमच्या साइटवर त्यानंतर प्रत्येक मीटिंग 'या भूमीच्या मूळ मालकांना वंदन' म्हणून सुरू होते. ते म्हणून झालं की आजचं टनेज किती, हा पुढचा विषय.

मिरजमळा | ६ जानेवारी, संध्याकाळी ६.१२

आपल्याकडेही १९९७मध्ये आंध्रातल्या 'समता' खटल्यात सुप्रीम कोर्टाने आदिवासी भागातल्या खाणींच्या निव्वळ नफ्यातले किमान २० टक्के स्थानिकांच्या पाणी, शाळा, आरोग्य अशा कामांसाठी बाजूला काढायला सांगितलं होतं. २०११च्या खनिज विधेयकात कोळसा कंपन्यांनी नफ्याचे २६ टक्के द्यावेत अशी तरतूद होती, ते विधेयक लोकसभेबरोबर मावळलं. २०, मग २६, आणि शेवटी हातात २. मराठी पाढे उलटे म्हटल्यासारखं.

ताळेबंद | ६ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

तुलना पूर्ण करा, २०१५च्या दुरुस्तीत २६ टक्क्यांच्या जागी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. ते सीएसआरपेक्षा वेगळं आणि माझ्या मते महत्त्वाचं. इथे कोणी महसूलमधलं आहे का?

सातबारा | ७ जानेवारी, सकाळी ११.२०

तलाठी होते, मग मंडळ अधिकारी, आता निवृत्त. बोलावलंत म्हणून आले.

बाळा, धाग्याचं शीर्षक चुकलंय तुझं. सीएसआर हे कंपनीचं पाकीट. खनिज प्रतिष्ठान हा तुमचा गल्ला. सरकारला जे स्वामित्वधन जातं, त्याच्यावर जादा रक्कम कंपनीला जिल्ह्याच्या प्रतिष्ठानात भरावीच लागते. १२ जानेवारी २०१५च्या आधीचा खाणपट्टा असेल तर स्वामित्वधनाच्या ३० टक्के, नंतर लिलावातून दिलेला असेल तर १० टक्के. कंपनी नफ्यात असो की तोट्यात.

हिशेब करून दाखवते. कोळशावर स्वामित्वधन किमतीच्या १४ टक्के. टनाचा दर सोयीसाठी २००० रुपये धरू. स्वामित्वधन झालं २८०. त्याच्या ३० टक्के म्हणजे टनाला ८४ रुपये. तुझ्या घरासमोरून जाणारा हायवा डंपर २५ टन कोळसा नेतो असं धरलं, तर एका फेरीमागे २१०० रुपये प्रतिष्ठानात. आईला म्हणावं, ओट्यावर बसून एक दिवस गाड्या मोज.

ही रक्कम खाणबाधितांसाठी आहे. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत आधी किमान ६० टक्के पिण्याचं पाणी, प्रदूषण, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्चायचे होते, २०२४च्या सुधारित सूचनांत ते ७० झाले. खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतला भाग प्रत्यक्ष बाधित. तुम्ही दीड किलोमीटरवर आहात. यादीत गावाचं नाव आहे का ते आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत बघ. तिथे तोंडी विचारू नकोस, अर्ज दे आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय दाराबाहेर पडायचं नाही.

निधी जमतो एका गावाच्या धुळीवर आणि खर्च होतो जिल्ह्याच्या ठिकाणच्या सुशोभीकरणावर, अशा तक्रारी मी नोकरीत असतानाच ऐकत आले. म्हणूनच ठराव लागतो. ठराव नसला की साहेब म्हणतात, गावाची मागणीच नव्हती.

बल्लारशा_पॅसेंजर | ७ जानेवारी, दुपारी १२.०५

काकू, तुमच्यासारख्या तलाठी आमच्या साज्याला काहून नाही भेटल्या जी!

खारीक | ७ जानेवारी, दुपारी १२.२०

'पोच घेतल्याशिवाय दाराबाहेर पडायचं नाही' हे कमानीवर लिहून घ्या.

कापूसकोंड्या | १७ जानेवारी, रात्री ११.१५

उशिराबद्दल माफी. संक्रांतीला गावी आलो आणि सुट्टी वाढवून इथेच आहे.

सातबारा काकू, अर्ज दिला, पोच घेतली (दीड तास लागला, शिक्का मारणारे जेवायला गेले होते). गाव प्रत्यक्ष बाधित यादीत आहे. सरपंचांना हे माहीत नव्हतं, ग्रामसेवकांना 'ऐकून माहीत' होतं.

ताळेबंद, मंजुरीच्या पत्राची प्रत पंचायतीतच सापडली. कपाटाच्या तळाला, जुन्या मतदार याद्यांच्या खाली, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. बाबांना वाचून दाखवली. पाणी मारणं, ताडपत्री, झाडं, विहिरींची मोजणी, सगळं अटींत आहे, तुम्ही म्हणालात तसंच. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, म्हणजे सुरुंगाने भिंत तडकली तेव्हा मी त्या साहेबाला चहा पाजून 'बघा काही जमलं तर' म्हणालो होतो, ते उगाच?

आईने खरंच गाड्या मोजल्या. सकाळी सात ते अकरा, ओट्यावर तांदूळ निवडत. एका ताटलीत तांदूळ, दुसऱ्या ताटलीत गाडीमागे एक तुरीचा दाणा. नंतर तीच तूर वरणात गेली, त्यामुळे आकडा मागू नका.

निवृत्त_सर्व्हेअर | १८ जानेवारी, सकाळी १०.००

भिंतीच्या तड्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. सुरुंगाची कंपनं मोजायचं यंत्र खाणीकडे असतं, त्या दिवसांच्या नोंदी लेखी मागा. आणि गणपूर्तीचं बघा. निम्म्या ग्रामसभा तिथेच अडतात.

सातबारा | १८ जानेवारी, सकाळी १०.४५

मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते. नाही भरली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. तेव्हा मोजके लोक काय वाटेल ते मंजूर करून घेतात. माणसं आण.

कापूसकोंड्या | २७ जानेवारी, रात्री ९.५०

झाली ग्रामसभा. सांगतो.

त्याच दिवशी दुपारी कंपनीच्या महिला मंडळाने शाळेत हळदीकुंकू ठेवलं होतं, वाण म्हणून स्टीलचा डबा. मुद्दाम केलं असं म्हणणार नाही, पण ग्रामसभेच्या वेळेला पंचायतीसमोर चाळीसच टाळकी होती, सगळे पुरुष. ग्रामसेवक तहकुबीचा कागद काढायला लागले. मी आईला फोन केला. ती म्हणाली, थांबव त्यांना पाच मिनिटं. आणि पाच नाही, पण वीसेक मिनिटांत शाळेतून सगळ्या बायका डबे हातात घेऊन आल्या. हळदीकुंकवाला आलेल्या कंपनीच्या दोन मॅडमही मागोमाग. गणपूर्ती झाली.

तीन ठराव झाले. एक, खनिज प्रतिष्ठानाकडे: खाणीचं पाणी तपासून टाकी आणि पाइपलाइन, चालवण्याच्या खर्चासकट. दोन, मंजुरीच्या अटींचं पालन आणि विहिरींच्या मोजणीचे आकडे गावाला द्यावेत, प्रत प्रदूषण मंडळाला. ते सीएसआरमध्ये धरू नये हे वाक्य ताळेबंद यांचं, जसंच्या तसं घातलं. तीन, सीएसआरकडे: आरओ खोलीला पाच वर्षं माणूस आणि वीजबिल. इथे दोन_टक्के ताईंचा फॉर्म्युला वापरला. कंपनीच्या मॅडम म्हणाल्या वर विचारून सांगते.

कापसाचं काहीच झालं नाही. धुळीने भाव पडतो हे कागदावर सिद्ध कसं करायचं ते कोणालाच सुचलं नाही. व्यापारी काही लिहून देणार नाही.

झाडीपट्टी | २७ जानेवारी, रात्री १०.०५

दोन शेतांतला कापूस, एक खाणीजवळचा, एक दहा-बारा किलोमीटरवरचा. एकाच दिवशी एकाच बाजार समितीत विका आणि दोन्ही काटापट्ट्या ठेवा. पुढच्या हंगामात मी येतो सोबत. मास्तरला सुट्ट्या असतात असं सगळेच म्हणतात.

मांडवीकाठ | २७ जानेवारी, रात्री १०.१२

टाकीवर कोणाचं नाव घालू देऊ नका.

खारीक | २७ जानेवारी, रात्री १०.१४

कमानीचं काय झालं?

कापूसकोंड्या | २७ जानेवारी, रात्री १०.३०

कमान पण झाली मंजूर. चौथा ठराव, सर्वानुमते. सरपंचांनी शेवटी हळूच मांडला आणि इतका वेळ भांडून सगळ्यांना भूक लागली होती. आईनेही हात वर केला. घरी येताना विचारलं तर म्हणाली, येऊ दे. फक्त पांढरा रंग देऊ नका म्हणावं, आठ दिवसांत काळी होते.

बल्लारशा_पॅसेंजर | २८ जानेवारी, सकाळी ७.१०

काकूला नमस्कार सांगजा. अन् वाणाचा डबा कसा आहे? आमच्याकडं मागच्या साली दिला, त्याचं झाकणच बसत नाही.